आत्याचा मॅनोमेट्रीचा रिपोर्ट ‘कमी’ आलाय. परदेशी लोकांचा तक्ता आपल्याला लागू होतो का?

तुमच्या खानापूरच्या आत्यांना जुनी बद्धकोष्ठता आहे, अ‍ॅनोरेक्टल मॅनोमेट्रीत, म्हणजे गुदद्वाराच्या स्नायूंचा दाब मोजण्याच्या तपासणीत, आवळण्याचा दाब ‘कमी’ आलाय, आणि वंशानुसार हे आकडे बदलतात असं तुम्ही वाचलंत. बेळगावात मी काही वर्षं हीच तपासणी करते, म्हणून लिहिते.

शंका रास्त आहे. तपासणी कशी करायची आणि निष्कर्षाला काय म्हणायचं, हे २०२० च्या लंडन वर्गीकरणाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने, ठरवून दिलंय. पण नॉर्मल कुठे संपतं ती रेघ मशीन, वय आणि बाई की पुरुष यांवर हलते. नॉर्मल आकड्यांचे बरेचसे तक्ते युरोप-अमेरिकेतल्या निरोगी माणसांवरून केलेत. शौचाच्या सवयीचंही तेच. तिकडे आठवड्यातून तीनदा झाली तरी चालतं. आपल्याकडे बहुतेकांना रोज होते, एक दिवस चुकला तरी माणूस बेचैन होतो.

तरी वंशावर बोट ठेवण्याआधी आत्यांची बाळंतपणं किती झाली, टाके पडले होते का, ते विचारा. गुदद्वाराला दोन स्नायू असतात. आतला आपोआप आवळलेला राहतो, स्वस्थ असतानाचा दाब मुख्यतः त्याचा. बाहेरचा आपण मुद्दाम आवळतो, आणि बाळंतपणात बहुधा तोच फाटतो. दोन समाजांच्या रुग्णांत फरक दिसला, तर वय आणि बाळंतपणं जमेस धरली होती का, हे पाहिल्याशिवाय मी तो रक्तातला फरक मानणार नाही.

आणि भाषा! याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, मला मात्र रोज दिसतं. आवळण्याचा आकडा पेशंटला आपलं म्हणणं कळलं तरच खरा. जांबोटीकडच्या एक आजी डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडल्या होत्या. शिकाऊ मुलगा कन्नडमध्ये ‘गट्टि हिडकोरि’ (घट्ट धरा) म्हणत होता. आजींना कन्नड येत नव्हतं; त्यांनी हाताची मूठ घट्ट आवळली. पडद्यावर रेघ जागची हलली नाही. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, “आजी, चारचौघांत वारा सुटायला लागला तर कसा धरून ठेवता? तसं धरा.” रेघ सरळ वर गेली. पहिलाच आकडा छापला असता तर आजी आयुष्यभर ‘कमजोर’ ठरल्या असत्या.

लाजेचंही तसंच. याच तपासणीबरोबर गुदाशयात ठेवलेला ५० मिलिलिटर पाण्याचा फुगा बाहेर टाकायला साधारण एक मिनिट देतात. आयुष्यभर उकिडवं बसलेल्या बाईला अनोळखी माणसांसमोर आडवं पडून कुंथायला सांगितलं तर जमेल कसं? कमोडच्या खुर्चीवर, पडदा ओढून, एकटीला बसू द्यायला हवं.

आकडा कमी म्हणजे लगेच आजार नव्हे. बद्धकोष्ठतेत मी आधी पाहते ते कुंथताना स्नायू सैल पडतो की उलट आवळतो. उलट आवळत असेल तर बायोफीडबॅकने, म्हणजे पडद्यावर स्वतःचा दाब पाहत स्नायू सैल सोडायला शिकल्याने, पुष्कळांना गुण येतो. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल, तर या रिपोर्टात अडकू नका, आधी कोलोनोस्कोपीचं (दुर्बिणीने मोठं आतडं तपासण्याचं) विचारा.

डॉक्टरांना विचारा की तक्ता याच मशीनचा आणि आत्यांच्या वयाच्या बायकांचा होता का. तपासणी पुन्हा ठरली तर तुम्ही सोबत जा, आणि सूचना मराठीतून द्यायला सांगा.