ठणका थांबला, आता रूट कॅनल कशाला?

प्रश्न : माझ्या खालच्या उजव्या दाढेला कीड लागली आहे. पाच रात्री डोळ्याला डोळा नव्हता, आडवं झालं की ठणका वाढायचा. लवंगेचं तेल लावून दिवस काढले. आता आठवडा झाला, काहीच दुखत नाही. डॉक्टर म्हणतात रूट कॅनल करा, तीन वेळा यावं लागेल, वर कॅप. सासूबाई म्हणतात, थांबलंय तर कशाला उकरून काढतेस, नाहीतर सरळ उपटून टाक. मला सुईचीच धास्ती आहे. त्यात बेदाण्याचा हंगाम, शेड सोडून सांगलीला खेटे कोण घालणार?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, ठणका असा आपोआप थांबला की मला उलट काळजी वाटते. दाढेच्या पोटात मऊ गर असतो, त्यात नस आणि रक्तवाहिन्या. कीड तिथवर गेली की गर सुजतो, पण चारी बाजूंनी टणक भिंत. सुजायला जागाच नाही. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्रीचा ठणका. तुमचा तो गर आता बहुधा मेला असावा. जंतू मात्र आत आहेत आणि मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, कारण मेलेल्या गरात रक्तच जात नाही, मग औषध कुठून जाणार? रूट कॅनल म्हणजे तो मेलेला गर काढून मुळांमधल्या बारीक नळ्या धुऊन भरायच्या.

सुईचं सांगते. खालच्या दाढेची भूल जबड्यात मागे देतात. टोचतं, क्षणभर. मग अर्धा ओठ भाकरीएवढा जाड झाल्यासारखा वाटतो. आरशात बघा, होता तसाच असतो! ओठ बधिर झाला नसेल तर भूल चढलेली नाही; तसं सांगा, भिडेखातर गप्प बसू नका. पू असला की भूल कमी चढते, तेव्हा आणखी द्यावी लागते. दुखलं तर डावा हात वर करायचा, एवढं आधीच ठरवून घ्या.

पुढे तासभर तोंड उघडं ठेवून जबडा अवघडतो, माझ्या पेशंटांची खरी तक्रार तीच. दाढेभोवती रबराचा पडदा लावतात. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकलेल्या पाण्यासारखा वास येईल. नळ्या धुवायचं औषध त्याच जातीचं. खालच्या दाढेत बहुधा तीन नळ्या, कधी चार. त्यांत घालतात ती सुई टोचायची नव्हे, साफ करायची; पहिलीचं टोक ०.१ मिलिमीटरच्या आसपास. मुळाच्या टोकाशी पोचली की एक यंत्र टीं टीं वाजतं. दचकू नका.

पू असेल तर आत औषध भरून आठवडाभर ठेवतात, म्हणून फेऱ्या वाढतात. आत कोरडं असेल तर नळ्यांचं काम एकाच बैठकीत उरकतं. हंगामाचं डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा, पण एक बैठक करून गायब होऊ नका. भूल दोन-तीन तास राहते, तोवर जेवू नका, गाल चावला जातो. नंतर दोन-चार दिवस चावताना दुखेल. चेहरा सुजला, ताप आला, गिळता येईना किंवा तोंड उघडेना, तर मात्र तडक दाखवा.

दोन बैठकांच्या मधे दाढेत तात्पुरतं भरलेलं सिमेंट कच्चं असतं. माझ्या स्वतःच्या दाढेतलं मी भडंग खाताना पाडलं होतं. डॉक्टर असून!

कॅपचं टाळू नका. हळदीच्या अडतीवरचे माझे एक पेशंट होते. दुखत नाही म्हणून कॅप पुढे ढकलत राहिले, मीही फोन केला नाही. चार महिन्यांनी ऊस खाताना दाढ उभी चिरली, थेट मुळापर्यंत. काढावी लागली.

सासूबाईंचं अगदीच चूक नाही. दाढ वाचण्यासारखी नसेल तर उपटणंच बरं. ते एक्स-रेवरून कळतं. वाचत असेल तर ठेवा. काढली की शेजारची कलते, वरची खाली उतरते, आणि ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला खोटा दात, बसवायचा तर दोन धडधाकट दात घासावे लागतात.

जाताना जेवून जा. बीपी, शुगर किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पाकिटं सोबत न्या, आणि दिवस गेले असतील तर तेही आधीच सांगा.