जोआओ, झोआओ की जुआंव?

प्रश्न असा आलाय की ब्राझीलची गायिका-गीतकार बेबेल जिल्बेर्तो हिच्या कारकिर्दीवर मराठीत लिहायचंय, तिचा 2023 चा अल्बम वडिलांच्या नावाचा आहे, रोमन लिपीत स्पेलिंग जे-ओ-ए-ओ आणि त्या ए च्या डोक्यावर एक नागमोडी रेघ, तर हे नाव देवनागरीत कसं लिहायचं? जोआओ, जाओ, झोआओ सगळंच वाचायला मिळतं, आडनावाचंही गिल्बर्टो, जिल्बर्टो, ज्याला जे सुचेल ते. आणि बेबेल हे नाव आहे की आडनाव की आणखी काही?

आधी उत्तर देऊन टाकतो. जुआंव जिल्बेर्तो, आणि मुलगी बेबेल जिल्बेर्तो. घाई असेल त्यांनी इथूनच परत फिरलं तरी चालेल.

आता कारण. पोर्तुगीजमध्ये ती नागमोडी रेघ स्वरावर आली की स्वर नाकातून काढायचा, आणि पुढचा ओ मिळून जो आवाज होतो तो 'आंव'. यातल्या अनुस्वारात म नाही की न नाही, निव्वळ नाक. आपल्याला हे काही परकं नाही खरं तर, जुन्या पुस्तकांत नांव, गांव, पांच, कांहीं असं छापलेलं असायचं तो हाच अनुस्वार, 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चार होत नाही म्हणून काढून टाकलेला. कोकणीत तो अजून धडधाकट आहे. तर 'जुआंव' म्हणताना शेवट जुन्या 'गांव'सारखा करायचा, झालं काम.

शिवाय हे नाव आपल्या शेजारी कधीचं राहतंय. गोव्यात 24 जूनला सेंट जॉनचा सण असतो, डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून लोक विहिरीत उड्या मारतात, त्या सणाला सांजांव म्हणतात. म्हणजे सांव अधिक जुआंव, दोन्ही शब्दांत तीच रेघ. माणसाचं नाव म्हणून गोव्यात जुवांव लिहितात, तेही चालेल, माझी तक्रार नाही. पण शेजारी इतकी जुनी वहिवाट असताना आपण स्पेलिंग बघून 'जोआओ' कशाला घडवायचं? याच स्पेलिंगच्या नियमाने पोर्तुगीजमधूनच आलेला 'पाव' लिहायचा झाला तर पाओ लिहावा लागेल, आणि मग खा वडापाओ. लिलावही तिकडूनच आलाय, त्याच्या शेवटीही मूळ पोर्तुगीजमध्ये हीच रेघवाली जोडी आहे. मराठीने तिथे नाक काढून घेतलं, 'व' ठेवला. म्हणजे कानाने घेतलेले शब्द 'आव'वर संपले आणि डोळ्याने घेतलेले 'आओ'वर, आणि माझं मत विचाराल तर कानाने घेतलेलेच जास्त टिकतात.

पहिल्या अक्षराची जरा पंचाईत आहे. तो आवाज टेलिव्हिजनमधल्या 'व्हिजन'च्या ज सारखा, इंग्रजीत नीट बोलणारे बोलतात तसा, आणि त्यासाठी मराठीत अक्षर नाही. झ लिहिला तर निम्मे वाचक 'झाड'मधला झ वाचणार. ज लिहिला तर परकं नाव आहे म्हटल्यावर आपण आपोआप 'जुलै'तला ज वाचतो, 'जुना'तला नाही, आणि तो पुष्कळच जवळ जातो. म्हणून ज. जिल्बेर्तोचा जि पण त्याच कारणाने, पोर्तुगीजमध्ये इ आणि ए च्या आधी ग चा हाच आवाज होतो, त्यामुळे 'गिल्बर्टो' सरळ बाद. आणि ट नको, त हवा. (बटाट्यात मात्र आपण दोन्ही त चे ट केलेत, ते आता राहू द्या.)

कुणी म्हणेल मग रिओतल्यासारखंच लिहा ना. नको. रिओत शब्दाच्या शेवटचा किंवा व्यंजनाआधीचा ल चक्क उ होतो, शेवटचा ओ पण उ होतो, र घशातून ह सारखा येतो, म्हणजे आडनाव 'जिउबेह्तु' आणि आपली बेबेल 'बेबेऊ'. नाताळ हा शब्द पोर्तुगीजमधून आपल्याकडे आला तेव्हा ल शाबूत होता म्हणून आपण त्याचा ळ केला, ब्राझीलवाला आज नाताऊ म्हणतो. बेबेऊ असं लिहिलं तर कुणाला कळणारही नाही कोणाबद्दल बोलताय ते.

बेबेल हे लाडाचं नाव. ती मूळची इझाबेल, जन्म 12 मे 1966, न्यूयॉर्क. या घरात खऱ्या नावाने ओळखलं जाणारं माणूस शोधावंच लागतं. आई मिऊशा, तिचं खरं नाव एलोइझा, स्वतः गायिका. मामा शिको बुआर्के, म्हणजे फ्रान्सिस्को, ब्राझीलच्या फार मोठ्या गीतकारांपैकी एक, आणि लिहिताना शिकोच लिहा हो, चिको नाही, तिकडे सी-एच म्हणजे श. मावश्यांतही क्रिस्तिना आणि आना या दोघी गाणाऱ्या, पैकी आना पुढे ब्राझीलची सांस्कृतिक मंत्रीही झाली. आजोबा सेर्जिओ बुआर्के दे ओलांदा हे नावाजलेले इतिहासकार. आणि आपल्यासारख्या शब्दवेड्यांसाठी खास गोष्ट, याच बुआर्के दे ओलांदांचे एक दूरचे नातेवाईक ऑरेलिओ, त्यांचा पोर्तुगीज शब्दकोश 1975 मध्ये आला आणि इतका घरोघरी गेला की ब्राझीलमध्ये डिक्शनरीलाच 'ऑरेलिओ' म्हणायला लागले.

एक घोळ इथेच निस्तरून टाकू कारण लेखात तो हमखास होतो. 'द गर्ल फ्रॉम इपानेमा' हे जगभर गाजलेलं इंग्रजी गाणं गाणारी आस्त्रुद जिल्बेर्तो ही बेबेलची आई नव्हे. ती जुआंवची पहिली बायको, मिऊशा दुसरी. बेबेल मिऊशाची.

कारकीर्द म्हणाल तर पोर घरातच तयार झाली, लहानपणी मुलांच्या संगीत नाटकांच्या कोरसमध्ये गायली, वयाच्या नवव्या वर्षी आईबरोबर कार्नेगी हॉलच्या स्टेजवर उभी राहिली, सोबत सॅक्सोफोनवर स्टॅन गेट्झ. पण गीतकार म्हणून तिचं नाव झालं ते रॉकवाल्यांच्या संगतीत, हे मला फार आवडतं. काझुझा हा तेव्हाचा गाजलेला रॉक गायक, आधी 'बारांव व्हेर्मेल्यो' या बँडमध्ये होता (बारांव म्हणजे बॅरन, पुन्हा तीच रेघ!), त्याच्याबरोबर आणि त्याच बँडचा बेसवाला दे याच्याबरोबर तिने एक प्रेमगीत लिहिलं, 'तुला सांगायलाच हवं माझं प्रेम आहे ते' अशा अर्थाचं, 1986 च्या तिच्या पहिल्या छोट्या रेकॉर्डवर ते आहे, आणि पुढे इतरांनीही ते गायलं. बाप बॉसा नॉव्हा या ब्राझीलच्या हळुवार, गिटारवरच्या संगीतशैलीचा जनक आणि मुलगी रॉकवाल्यांत बसून गाणी लिहितेय.

(बॉसा नॉव्हा हे मात्र ऑ नेच लिहा, दोन्ही ठिकाणी तोंड उघडं आहे. बोसा नको.)

1991 च्या सुमारास ती न्यूयॉर्कला गेली, आणि मग 2000 साली 'तांतो तेंपो' आला. अर्थ 'इतका काळ', आणि खरंच पहिल्या रेकॉर्डनंतर चौदा वर्षांनी पहिला पूर्ण अल्बम! बॉसा नॉव्हाचं गिटार तेच, पण खाली इलेक्ट्रॉनिक बीट, जगभरच्या कॅफेंमध्ये तो वाजत राहिला. त्याचा निर्माता सूबा हा सर्बियातून येऊन साओ पाउलोत राहिलेला माणूस, नोव्हेंबर 1999 मध्ये घराला आग लागून गेला, अल्बम बाहेर आलेला त्याला बघायलाच मिळाला नाही. (साओ पाउलो मी तसंच लिहितोय, ते रूढ होऊन बसलंय, त्याला आता हात लावायची माझी टाप नाही.) नंतर तिच्या नावाचाच एक 2004 मध्ये, 2007 मध्ये 'मोमेंतो', 2014 ला 'तुदो', 2020 ला 'आगोरा'. क्षण, सगळं, आत्ता. शीर्षकं बघा, भाषा शिकणाऱ्याच्या पहिल्या धड्यातले शब्द.

मधला 2009 चा अल्बम आपल्या प्रश्नासाठी कामाचा. त्यात तिने वडिलांचं 'बिं बों' गायलंय. जुआंवने स्वतः रचलेली गाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तो दुसऱ्यांची गाणी घेऊन गिटारवर घासूनपुसून आपली करणारा, आणि जी स्वतःची आहेत त्यात शब्द जवळजवळ नाहीतच. 'बिं बों'मध्ये बिं बों हेच मुख्य, बाकी मजकूर म्हणजे एवढंच आहे माझं गाणं, याहून जास्त काही नाही, असं सांगणं. इथेही लिहिताना 'बिम बॉम' नको, कारण तो म लिहायचाच असतो, म्हणायचा नसतो, ओठ मिटतच नाहीत. अनुस्वार द्या. जुन्या पद्धतीचा.

मुलीची तऱ्हा उलटी, ती शब्द लिहिणारी. आई डिसेंबर 2018 मध्ये गेली, वडील जुलै 2019 मध्ये, आणि 'आगोरा'मध्ये तिचं एक गाणं आहे ज्याचं नाव 'जे बोललं गेलं नाही', ते वडिलांविषयी आहे. आणि मग 2023 चा 'जुआंव', सगळी वडिलांनी गायलेली गाणी, तिचं स्वतःचं एकही नाही. त्यात एक 'व्हाल्सा' आहे, म्हणजे वॉल्ट्झ, मूळ 1973 च्या जुआंवच्या अल्बममधलं, त्याचं उपशीर्षक 'योगी किती सुंदर असतात', आणि त्याचंच आणखी एक नाव 'बेबेल'. तेव्हा पोरगी जेमतेम सात वर्षांची. योगी हा शब्द तिकडे कसा पोचला असेल याची मी जास्त चौकशी करणार नाही, त्या काळात सगळ्या जगालाच योग्यांचं वेड होतं. पण लेख लिहिणाऱ्याने हा तपशील सोडू नये, कारण बापाने मुलीच्या नावाने गाणं केलं आणि पन्नास वर्षांनी मुलीने तेच गाणं बापाच्या नावाच्या अल्बममध्ये घेतलं.

आता शंका राहते ती गूगलची. फुटबॉलच्या बातम्यांमुळे 'जोआओ' लोकांच्या डोळ्यांत बसलाय, तेव्हा शोधणारा तेच टाइप करणार. तर असं करा, लेखात पहिल्यांदा नाव येईल तिथे 'जुआंव (काही जण जोआओ लिहितात)' एवढं टाका आणि पुढे सगळीकडे जुआंव ठेवा. एकाच लेखात वर जुआंव आणि खाली झोआओ असं मात्र करू नका, वाचणाऱ्याला वाटतं दोन माणसं आहेत, आणि या घराण्यात आधीच एकेकाची दोन-दोन नावं आहेत.