मामांच्या रेसकारचा सांगाडा

प्रश्न : ताई, माझे मामा तरुणपणी पुण्याहून मद्रासला, शोलावरमच्या रेसना स्वतः बांधलेली गाडी घेऊन जायचे असं घरात ऐकत आलोय. मामा गेले. भोरजवळच्या त्यांच्या शेतावर गोठ्यामागे नळ्यांचा एक सांगाडा, दोन चाकं, नाकाकडचा चेमटलेला ॲल्युमिनियमचा पत्रा आणि गोणपाटात बांधलेलं इंजिन सापडलं. घरचे म्हणतात, वजनावर देऊन टाक. एक गॅरेजवाला म्हणतो, दोन महिन्यांत नवीकोरी करून देतो. ही खरंच मामांची रेसची गाडी आहे का हे कसं ठरवू? आणि सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : भंगारवाल्याला नाही म्हणा, आणि त्या गॅरेजवाल्यालाही आत्ता नाही म्हणा. मला जास्त धास्ती गॅरेजवाल्याची वाटते. गाडी भंगारात गेली तर ती संपली हे निदान कळतं. पण घासून, लांबी (पुट्टी) भरून, लाल रंग मारून परत आलेल्या गाडीत मामांची गाडी किती उरली, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. तुमच्याकडे आज जे पडलंय तो पुरावा आहे. तो आधी नीट वाचायचा, मग पाना हातात घ्यायचा.

शोलावरम म्हणजे मद्रासजवळची दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी. १९५३ मध्ये मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब निघाला आणि तिथल्या रेसनी देशभरच्या हौशी लोकांना वेड लावलं. परदेशी रेसकार मोजक्यांनाच परवडायची. बाकीचे फियाट ११०० किंवा स्टँडर्ड हेरॉल्डचं सामान काढून घरी वेल्ड केलेल्या सांगाड्यावर बसवायचे. त्यामुळे कंपनीची चासी प्लेट शोधण्यात वेळ घालवू नका. अशा गाडीची ओळख तिच्या जोडकामात असते.

बोल्टांपासून सुरू करा. फियाटचे आटे मेट्रिक, हेरॉल्डचे इंची. थ्रेड गेज घेऊन बसलात तर कुठला भाग कुठून आला हे एका दुपारीत बरंच उलगडेल. पुढच्या चाकाचा अपराइट, म्हणजे हब धरून ठेवणारा उभा भाग, हेरॉल्डचा निघाला, तर तेवढ्यावरून काही ठरवू नका. तो भाग हलका आणि सहज मिळणारा होता, म्हणून इंग्लंडमध्ये लोटससारख्या रेसकार कंपन्यांनीही तो आपल्या रेसकारना लावला. इंजिन उघडाल तेव्हा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मोजा. फियाट ११०० चा मूळ बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५, चार सिलिंडरचे मिळून १०८९ सीसी होतात. सिलिंडरवरच्या झाकणाची, म्हणजे हेडची जाडी दुसऱ्या, न घासलेल्या हेडशी ताडून बघा. किंचित कमी असेल तर वाकलेलं हेड कुणी सरळ केलं असेल. चांगलीच कमी असेल तर ते कॉम्प्रेशन वाढवायला मुद्दाम घासलंय, आणि मग मला तुमच्या मामांचा हात दिसायला लागतो. इंजिन जाम असणारच. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) सोडा आणि पडू द्या, घाई नको. लांब पाइप लावून झटका दिलात तर पिस्टनच्या रिंगा जातील.

आता त्या पत्र्याकडे. त्याला कॉस्टिकच्या टाकीत अजिबात बुडवू देऊ नका. आपल्याकडे बरेच जण लोखंडी सामानाबरोबर सगळंच त्यात टाकतात, आणि कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो. कार्बोरेटरचंही तेच. सँडब्लास्टिंगही नको, पातळ पत्रा लाटेसारखा उठतो. हातभर जागा निवडा, पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर घ्या आणि गोल गोल, बोटाच्या दाबानेच फिरवा. थांबा, पुसा, फोटो काढा, परत फिरवा. माझ्या भोसरीच्या शेडमध्ये अशाच एका नाकाडावर वरच्या निळ्याखाली राखाडी प्रायमर निघाला, त्याखाली पिवळा, आणि पिवळ्यात ब्रशने काढलेल्या आकड्याची पांढरी कड. ब्रशच्या केसांच्या रेघा बोटाला लागत होत्या. हा थर मी आजही तसाच ठेवलाय, वर फक्त मेण आहे.

पण नुसत्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. रेसचा नंबर दर रेसला बदलू शकतो. जुना फोटो मिळाला तर न बदलणाऱ्या गोष्टी ताडा : एक्झॉस्ट कुठल्या बाजूने निघतो, रोल बारचा (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या नळीचा) बाक, नळ्या एकमेकींना कुठे भेटतात, रिबिट किती अंतरावर आहेत. फोटोची निगेटिव्ह असेल तर तीच स्कॅन करा, छापील प्रतीत रिबिट दिसत नाहीत. मामांबरोबर मद्रासला गेलेला मेकॅनिक, नाना पेठेतला सामान देणारा, लेथवाला, यांतलं कुणी हयात असेल तर या आठवड्यातच जा. माणसं थांबत नाहीत हो. त्यांना फोटो आधी दाखवू नका. ‘गिअरचा दांडा कुठल्या हाताला होता?’ असं मोकळं विचारा, उत्तर लिहून घ्या, मग फोटो काढा.

अवशेष किती बोलतात याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण वेल्समधलं आहे. पॅरी-थॉमस नावाचा इंजिनिअर ३ मार्च १९२७ रोजी पेंडाइनच्या वाळूवर वेगाचा विक्रम करताना गेला. त्याची ‘बॅब्स’ ही गाडी, २७ लिटरचं विमानाचं इंजिन बसवलेली, तिथेच वाळूत पुरली गेली. चाकाची साखळी तुटून त्याच्या डोक्याला लागली, अशी कथा पुढे अनेक वर्षं सांगितली जायची. १९६९ मध्ये ओवेन विन ओवेन या इंजिनिअरिंगच्या शिक्षकाने ती उकरून काढली आणि वर्षानुवर्षं खपून परत चालती केली. अवशेष हाताशी आल्यावर साखळीच्या कथेवर शंका आली आणि मागच्या चाकाकडे बोट गेलं. गंज खाल्लेलं लोखंड बेचाळीस वर्षांनी साक्ष द्यायला आलं. आधीच कुणी ते साफसूफ करून रंगवलं असतं तर?

याच्या अगदी उलट निर्णयही योग्य असू शकतो. इटलीच्या सीमेवरच्या माजोरे सरोवरातून २००९ मध्ये १९२५ ची एक बुगाटी वर काढली. २०१० च्या लिलावात ती सुमारे अडीच लाख युरोंना गेली आणि घेणाऱ्याने ती तशीच, गंजलेली, संग्रहालयात मांडली. तिसरी तऱ्हा ऑटो युनियनची. महायुद्धानंतर सोव्हिएत रशियाने उचलून नेलेल्या या जर्मन रेसकारचे तुकडे पॉल कारासिक या अमेरिकन संग्राहकाने रशिया-युक्रेनमध्ये शोधले. इंग्लंडमध्ये त्या तुकड्यांतून गाड्या उभ्या राहिल्या, पण बॉडी नव्याने घडवावी लागली. त्यात लपवण्यासारखं काही नाही, सांगितलं की झालं.

तुमच्या बाबतीत मी सांगाडा आणि पत्रा मूळचाच ठेवीन. सांगाड्याच्या नळ्या छोट्या हातोडीने वाजवून बघा. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर आतून खाल्लीय, तिथे खूण करा. पितळी जोड असतील तर त्यांवर साधं आर्क वेल्डिंग मारू देऊ नका, जोड सुटतो. जो तुकडा नवा घालाल त्यावर न दिसेल अशा जागी साल कोरा आणि वहीत लिहा. पेट्रोलची जुनी टाकी सापडली तर तिला कुणीही वेल्डिंगचा टॉर्च लावायचा नाही, रिकामी असली तरी. आत राहिलेली वाफ पेट घेते.

प्रश्न : माझ्याकडेही अशीच घरी बांधलेली एक सिंगल-सीटर आहे. नवं इंजिन टाकून, व्हिंटेज नंबर घेऊन पुण्यात चालवता येईल का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो. शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५ हजार. पण गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार चालत नाहीत. आणि नंबर मिळाला तरी ती रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते. तुम्ही नवं इंजिन टाकायचं म्हणता तिथेच पहिली अडचण. शिवाय मडगार्ड नाही, दिवे नाहीत, बसक इतकी खाली की पीएमपी बसच्या ड्रायव्हरला दिसणारही नाही. ट्रॉलीवर घालून ट्रॅकवर न्या. नेण्याआधी स्टिअरिंगचे आर्म, अपराइट आणि हब यांचं क्रॅक टेस्टिंग करून घ्या. भोसरी-चाकण पट्ट्यात ते करून देणारे आहेत. सीटचे पट्टे आणि ब्रेकचे रबर मात्र जुने ठेवायचे नाहीत, तिथे मूळपणाचा आग्रह धरू नका. काढलेला पट्टा पिशवीत घालून वहीबरोबर जपा.