फोटो चौदा हजार, आठवण एकच

"मॅडम, मोबाईलमध्ये हजारो फोटो आहेत, पण मागचं वर्ष कसं गेलं विचाराल तर काहीच आठवत नाही." हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की एकदा नीट लिहायलाच हवं होतं. त्याला जोडून दुसरी तक्रार ठरलेली, कृतज्ञतेची डायरी सुरू केली आणि चौथ्या दिवशी बंद पडली, कारण लिहिलेलं सगळं खोटं वाटतं. दोन्हींवर मी आता एकच गोष्ट सुचवते, कोलाज, म्हणजे प्रिंट केलेले फोटो कापून एका पानावर शेजारी शेजारी चिकटवणं.

एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. चाळिशीच्या एक बाई, वडिलांचं सात महिन्यांचं आजारपण एकटीने काढलं, मग वडील गेले. फोनमध्ये चौदा हजार फोटो आणि डोळ्यांसमोर फक्त शेवटचा दिवस. भाऊ दुसऱ्या शहरात, त्याच्यावर प्रचंड राग, "त्याने काही म्हणजे काही केलं नाही."

मी आधी त्यांना रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या. पुढच्या वेळी वही माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "हे मी तुमच्यासाठी लिहिलंय, माझ्यासाठी नाही." बरोबर होतं त्यांचं. लिहायला बसलं की वाक्यात 'पण' येतोच, बाबा गेले पण खूप शिकायला मिळालं, असलं काहीतरी, आणि त्या 'पण'पाशी मन अडून बसतं. कोलाजमध्ये 'पण' नसतो. दोन गोष्टी शेजारी चिकटवायच्या, एकीने दुसरीची भरपाई करायची नाही. इतक्या वर्षांच्या कामात मला गवसलेल्या गोष्टींपैकी ही मला फार मोलाची वाटते.

मग मी म्हटलं, छान फोटो आणूच नका. वाढदिवस, सहली सगळं बाजूला ठेवा, नुसते कामापुरते काढलेले दहा फोटो प्रिंट करून आणा. त्यांनी आणले. औषधांच्या स्ट्रिप, डॉक्टरांची चिठ्ठी, पार्किंगमधल्या खांबाचा नंबर, बेडशेजारची रिकामी खुर्ची आणि एक थर्मामीटर.

"हा कशाला काढला होता?"

"ताप दाखवायला."

"कुणाला?"

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग, "भावाला."

त्यांनी फोन काढला, फोटोची वेळ बघितली, रात्रीचे 2:40. चॅट शोधलं. फोटोखाली त्याचं उत्तर, 2:41, "जागा आहे मी." आदल्या रात्री तेच, त्याच्या आदल्या रात्रीही तेच. अंगठ्याने चॅट मागे मागे सरकवत राहिल्या आणि रडत राहिल्या, मी फक्त बसून होते. सात महिन्यांतल्या कितीतरी रात्री अशा परत आल्या, शेवटचा दिवस सोडून.

राग गेला का? नाही. "तरी त्याने यायला हवं होतं," म्हणाल्या. मी म्हटलं, हो, हवं होतं. मग त्यांनी थर्मामीटर चिकटवला आणि त्याला अगदी खेटून रिकामी खुर्ची.

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच विचारते, हा फोटो कुणासाठी काढला होता? छान फोटोत माणसं कॅमेऱ्याकडे बघून हसतात, पण कामाच्या फोटोच्या पलीकडे बहुतेक वेळा कुणीतरी वाट बघत असतं. माझ्या मते कृतज्ञता तिथे शोधावी.

आता नुसते फोटो काढून आठवण का राहत नाही? मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांचा 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला म्यूझियममधला प्रयोग आहे, अख्ख्या वस्तूचा फोटो काढला की ती वस्तू लोकांना कमी आठवली, पण एखाद्या भागावर झूम करून काढला तेव्हा आठवण तशी घसरली नाही. कात्रीने कापतानाही आपण असंच एका तुकड्याकडे नीट बघतो असं मला वाटतं, म्हणून मी प्रिंटचा हट्ट धरते, मोबाईलवरचं रेडिमेड कोलाज मला फारसं पटत नाही.

करून बघायचं असेल तर आठवड्यातून एकदाच बसा, रोज केलं की त्याचा गृहपाठ होतो. पाच-सहा फोटो पुरे. मूळ जुना फोटो कधीच कापू नका, कॉपी काढा. पातळ डिंकाने कागद सुरकुततो, ग्लू स्टिक बरी. मशीनमधून येणाऱ्या गुळगुळीत पावत्यांची छपाई उडून जाते, त्यांचाही फोटो काढून तोच चिकटवा. शेजारी तारीख आणि फोटोत नसलेल्या माणसाचं नाव, एवढंच लिहा. आणि दुःख अगदी ताजं असेल, झोप-जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल, तर हे एकट्याने करत बसू नका, कुणाची तरी मदत घ्या.

त्या बाईंनी नंतर ते पान भावाला पाठवलं. त्याने एक शब्दही लिहिला नाही, फक्त एक स्क्रीनशॉट पाठवला, रात्री 2:30 चा अलार्म, बंद केलेला पण अजून डिलीट न केलेला. तो त्यांनी प्रिंट करून आणलाय. खुर्चीवर चिकटवायचा की खुर्चीच्या बाजूला, हे अजून ठरलेलं नाही.