रॉक ऐकलं की सैतानाला दार उघडतं का?

"मुलगा रॉक ऐकतो. घरात वाईट आत्मा शिरेल का?" ख्रिस्ती कुटुंबांकडून हा प्रश्न सतत येतो. कधी आई विचारते, कधी चर्चचा पाळक, कधी उपासनेत गिटार वाजवणारा तरुण स्वतःच. अशा अनेक भेटींचं सार इथे एका आई-मुलाच्या रूपात मांडते आहे.

मुलगा 17 वर्षांचा. आईने त्याच्या फोनमधली सगळी गाणी पुसून टाकली होती, आणि त्या दिवसापासून त्याने उपासनेला येणं सोडलं होतं. आई वही घेऊन आली होती. रात्री झोपण्याआधी ती जी प्रवचनं ऐकायची, त्यांतले मुद्दे त्यात क्रमाने उतरवलेले होते.

"ताई, लूसिफर, म्हणजे सैतान, स्वर्गातला संगीतकार होता. बायबलात, यहेज्केल 28 मध्ये आहे."

आम्ही तो अध्याय उघडला. तिथलं बोलणं सोर या प्राचीन नगराच्या राजाला उद्देशून आहे. 13व्या वचनातल्या ज्या हिब्रू शब्दांचा अर्थ काही भाषांतरांनी डफ आणि बासऱ्या असा लावला, तिथे इतर अनेक भाषांतरं रत्नांची कोंदणं म्हणतात. एवढ्याशा आधारावर संगीताचा अख्खा प्रकार सैतानाच्या नावावर करता येत नाही.

दुसरा मुद्दा तालाचा होता: हा ठेकाच मुळात अपवित्र. पण रॉकची मुळं बरीचशी चर्चमध्येच आहेत. सिस्टर रोझेटा थार्प ही चर्चमध्ये गात वाढलेली अमेरिकन गायिका. इलेक्ट्रिक गिटार घेऊन तिने 1944 मध्ये जे भक्तिगीत ध्वनिमुद्रित केलं, त्यात पुढच्या रॉकची चाहूल स्पष्ट ऐकू येते. उलट, आज आपल्याला सर्वांत पवित्र वाटणारा ऑर्गन स्विस धर्मसुधारक झ्विंगलीच्या सुधारणेत, 1520च्या दशकात, झुरिकच्या उपासनेतून हद्दपार झाला होता.

तिसरा मुद्दा तिला सर्वांत जास्त छळत होता. गाणं उलटं वाजवलं की सैतानाची स्तुती ऐकू येते! यावर वाद घालून उपयोग नसतो. तिच्याच आवाजात स्तोत्र 23 ध्वनिमुद्रित करून घेतलं. पुढच्या भेटीआधी ते उलटं वाजवून, एका तुकड्यातल्या ध्वनींशी ओढूनताणून जुळतील असे चार शब्द कागदावर लिहून ठेवले. आधी तिला नुसतंच ऐकवलं.

"काय कळलं?"

"काहीच नाही. परकी भाषा वाटते."

मग कागद समोर ठेवला आणि तोच तुकडा पुन्हा लावला. ती दचकली. "अंधाराचं काहीतरी म्हणतंय. स्पष्ट ऐकू येतंय!"

"हा तुमचाच आवाज आहे. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' यातलाच."

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. वोकी आणि रीड या मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये हेच दाखवलं होतं, आणि त्यांनीही स्तोत्र 23 वापरलं होतं. काय ऐकायचं हे आधी सांगितलं, की कान ते शोधून काढतो.

इथे थांबलं तर मात्र मुलगा जिंकला आणि आई हरली, एवढंच होतं. गाणी तपासायची राहतातच. त्यासाठी मी चार रकान्यांचा एक कागद देते. तो वर्षानुवर्षं वापरून घासूनपुसून तयार झाला आहे: ऐकण्याआधी मन कसं होतं, गाण्याचे शब्द काय सांगतात, अर्ध्या तासाने मन कसं आहे, आणि माझा निर्णय. गाणी मुलाने निवडायची, आठवड्याला तीनच. शब्द कागदावर हवेत. ऐकायचं दिवसा, दोघांनी मिळून, स्पीकरवर. गाणं संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. बहुतेक घरांत हे पहिल्याच गाण्याला फिसकटतं, कारण आईवडील उलटतपासणी सुरू करतात आणि मुलं पुढच्या वेळी साळसूद गाणी आणतात. चौथा रकाना मुलानेच भरायचा, ही अट मी कधी सोडत नाही.

पहिलं गाणं युद्धाविरुद्धचं होतं, दुसरं शोकाचं. "यात आशाच नाही," आई म्हणाली. आम्ही स्तोत्र 88 वाचलं. ते अंधारावरच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. गाण्यात काळोख असला म्हणून ते दुष्ट ठरत नाही. क्रौर्याची मजा घेणारं, स्त्रीला तुच्छ लेखणारं, मरायला चिथावणारं गाणं वेगळं. ते चाल कितीही सुंदर असली तरी ठेवू नये.

तिसरं गाणं संपल्यावर मुलगा गप्प झाला.

"हे मी रात्री लावतो. परत परत. झोप येईपर्यंत."

"येते झोप?"

"नाही."

आई काही बोलणार होती. मी हाताने थांबवलं. त्याने पेन घेतलं आणि चौथ्या रकान्यात लिहिलं: 'रात्री नको.'

भीती आणि सदसद्विवेकबुद्धी यांतला फरक मला इथे नेमका दिसतो. भीती सरसकट बोलते, सगळंच पुसून टाक म्हणते. सदसद्विवेकबुद्धी एका गाण्याबद्दल, एका वेळेबद्दल बोलते. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याच्या वादात प्रेषित पौलाने पत्रातून करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना हीच वाट दाखवली: मोकळीक आहे, पण सगळंच हितकारक नाही. माणसाला जागा दिली की तो आपलं अहित स्वतः ओळखतो, यावर माझी सगळी भिस्त आहे.

मात्र झोप उडाली असेल, मुलगा मरणाविषयी बोलत असेल, आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, तर गाण्यांची चर्चा तिथेच थांबवून तातडीने डॉक्टरांकडे जावं. या मुलालाही झोपेसाठी पाठवलं. आणि आईने गाणी पुसल्याबद्दल त्याची माफी कागद देण्याआधीच मागितली होती. त्याशिवाय त्याने कागदाला हातही लावला नसता.

दोन आठवड्यांनी आईने तसाच एक कोरा कागद स्वतःसाठी मागून नेला. पुढच्या भेटीत तो भरून आणला. पहिल्या ओळीत तिची रात्रीची सैतानावरची प्रवचनं होती, आणि चौथ्या रकान्यात: 'रात्री नको.'