आई मला ओळखत नाही, मग भेटायला जाऊन काय उपयोग?

“रात्रभर गाडीत बसून मी मिरजेला जाते, आणि दारात आई विचारते, ‘तुम्ही कुणाकडे आलात?’ मग मी जाऊ तरी कशाला?”

ठाण्याच्या एका ताईंचा हा प्रश्न. (त्यांची परवानगी घेऊन, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून लिहिते आहे.) पन्नाशी ओलांडलेल्या, शाळेत शिकवणाऱ्या. आई ७९ वर्षांची, अल्झायमरचं निदान होऊन काही वर्षं झालेली, मिरजेला भाऊ-वहिनींजवळ राहणारी. शब्द थोडे वेगळे असतात, पण हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे मुलं येतात, नवरे येतात, चाळीस वर्षांचा संसार केलेल्या बायका येतात. आपल्या देशात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असावा असा अंदाज आहे (अल्झायमर हा त्यातलाच एक आजार). म्हणजे हा प्रश्न किती घरांत दबल्या आवाजात विचारला जात असेल!

ताईंना खरं लागलं होतं ते वेगळंच. आई वहिनीला नावानं हाक मारते. “सून कळते आणि पोटची पोर कळत नाही?” हे बोलताना त्यांना रडू आवरेना.

मी त्यांना विचारलं, आईनं ‘तुम्ही कोण’ म्हटल्यावर पुढे नेमकं काय होतं? तेव्हा चित्र स्पष्ट झालं. ताई म्हणायच्या, “अगं आई, मी! ओळखलं नाहीस?” आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायची आणि मग म्हणायची, “ओळखलं की, न ओळखायला काय झालं.” भाऊ लगेच मोबाइलवर जुना फोटो काढून समोर धरायचा, “सांग, ही कोण?” आई गप्प. थोड्या वेळानं उठून आतल्या खोलीत. आणि मग दिवसभर ती या लेकीच्या वाटेलाच जायची नाही.

“आणि फोनवर?” मी विचारलं.

“फोनवर तर म्हणते, ‘कधी येणार गं?’” बोलता बोलता ताई थांबल्या. हे आपण आजवर धरलंच नव्हतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

एखाद्या माणसाला ओळखणं हे एक काम वाटतं, पण त्यात निदान दोन कामं असतात. हा कोण, नाव काय, कुठं भेटलो होतो, हे आठवणं एक. आणि काहीच न आठवता ‘हा आपल्या माहितीतला’ असं वाटणं दुसरं. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मँडलर यांनी १९८० मध्ये दिलेलं उदाहरण आजही शिकवलं जातं: बसमध्ये एक माणूस दिसतो, चेहरा ओळखीचा आहे अशी पक्की खात्री असते, पण कोण ते कळत नाही. बऱ्याच वेळानं उलगडतं की हा तर आपला खाटीक! वय वाढतं तसं पहिलं काम मंदावतं. दुसरं मात्र निरोगी म्हातारपणात बरंचसं शाबूत राहतं. अल्झायमरमध्ये दुसऱ्यालाही धक्का बसतो, कारण हे ओळखीचं वाटणं मेंदूच्या ज्या भागावर मुख्यतः अवलंबून असतं, तिथंच हा आजार फार लवकर शिरतो. तरी सगळं एकदम जात नाही. चेहऱ्याची ओळख सुटते आणि आवाजाची टिकते, असं होऊ शकतं.

ताईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. या आजारात अलीकडच्या आठवणी आधी जातात, जुन्या जास्त टिकतात. आईच्या मनातली लेक लग्नाआधीची आहे, दोन वेण्यांची, सडसडीत. दारात उभी राहते ती चष्मा लावलेली, केस कापलेली, पिकल्या केसांना रंग लावलेली प्रौढ बाई. त्या दोघींचा मेळ आईनं कसा घालावा? चेहरा जितका बदलतो तितका आवाज बदलत नाही. वहिनी रोज डोळ्यांसमोर असते, रोज चहा देते, तिच्या नावानं घरात सारख्या हाका मारल्या जातात, म्हणून तिचं नाव ओठांवर राहिलं. त्यात माया कमी-जास्त असण्याचा संबंध नाही. हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं, कारण ते एकदा ऐकून आत उतरत नाही.

“पण मी गेलेलीसुद्धा तिला दुसऱ्या दिवशी आठवत नाही. मग?”

या ‘मग’ला माझ्याकडे पक्कं उत्तर आहे. एदुआर क्लापारेद या जिनिव्हाच्या डॉक्टरांनी १९११ साली नोंदवलेली एक घटना आहे. त्यांच्या एका स्त्री रुग्णाला नवीन काहीच लक्षात राहत नसे. रोज भेटणाऱ्या डॉक्टरांनाही ती अनोळखी समजे. एकदा त्यांनी हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. नंतर ते पुन्हा भेटले तेव्हा तिला ना डॉक्टर आठवत होते ना टाचणी, पण त्यांनी हात पुढे करताच तिनं आपला हात मागे घेतला. (आज असा प्रयोग कुणी करू नये, आणि करू देणारही नाहीत.) शंभर वर्षांनी, २०१४ मध्ये, आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमर झालेल्यांना आनंदाची आणि दुःखाची चित्रफीत दाखवली. थोड्या वेळानं त्यांना त्यातलं काही नीट सांगता येईना, पण मनात उठलेली भावना मात्र रेंगाळत राहिली होती. म्हणजे ‘सांग, ही कोण?’ ही परीक्षा आई विसरते, त्या परीक्षेचा ताण तिच्याजवळ राहतो. आणि तुम्ही शेजारी बसून केलेली दोन घटकांची सोबत ती विसरते, पण त्यातला निवांतपणा राहतो.

म्हणून आधी परीक्षा बंद. भावाला तसं सांगायला ताईंना जड जात होतं, म्हणून त्याच्याशी मीच फोनवर बोलले. ताईंनी जिन्याखालूनच आईला फोन लावायचा, “आई, मी आले गं, वर येतेय,” आणि बोलत बोलतच दारात यायचं, म्हणजे ओळखीचा आवाज आधी आणि चेहरा मागून. आत आल्यावर ‘ओळखलंस का?’ असं विचारायचं नाही, नाव आपणच सांगून मोकळं व्हायचं. आईनं ‘बाई’ म्हटलं तर बाई! आणि हातांना काहीतरी काम हवं. मेथी निवडायला घेतली की ताईंच्या आई आजही कोवळी पानं एकीकडे आणि दांडे एकीकडे अचूक करतात, आणि शेजारी बसलेल्या बाईला “जाड दांडे नको घेऊस गं” असं दटावतातसुद्धा. तो ‘गं’ ऐकल्यावर ताईंनी मला शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन केला होता.

वहिनींचीही एक तक्रार या निमित्तानं पुढे आली, आणि ती जास्त धोक्याची होती. सासूबाई भलत्याच माणसांना आपलं मानू लागल्या होत्या. पार्सल घेऊन आलेल्या मुलाला घरात बसवून चहा केला होता, “आपल्या माळ्यावरच्यांचा नातू आहे” म्हणून. ओळखीचं वाटणं जसं हरवतं तसं भलतीकडे चिकटतंही. अशा वेळी ‘अमक्यावर विश्वास ठेवू नको’ असं रोज बजावणं उलटू शकतं. वयस्क माणसांवर झालेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. एखादं विधान खोटं आहे असं त्यांना वारंवार सांगितलं गेलं, आणि तीन दिवसांनी तेच विधान त्यांना जास्त खरं वाटू लागलं. ‘खोटं’ हा शिक्का पुसला गेला, ‘ऐकलेलं आहे’ एवढंच उरलं. म्हणून काय करू नये हे न सांगता काय करावं ते सांगायचं: “बेल वाजली की मला हाक मारा.” आणि दाराची वरची कडी लावून ठेवायची, तीही नजरेत न भरेल अशी.

काही घरांत याच्या अगदी उलट घडतं. चेहरा नीट कळतो, पण आपलेपणा जाणवत नाही, आणि नवरा बायकोला म्हणतो, “तू तिच्यासारखी दिसतेस, पण ती नव्हेस.” फ्रेंच डॉक्टर कापग्रा यांनी १९२३ मध्ये याचं वर्णन केलं. ऐकणाऱ्या बाईच्या काळजाला घरं पडतात, म्हणून सांगते: तो आरोप नसतो. त्यावर वाद घालू नका, पुरावे दाखवू नका. थोडा वेळ दुसऱ्या खोलीत जा आणि तिथून हाक मारा. कधी कधी आवाजानं काम होतं. मात्र असं काहीही एक-दोन दिवसांत अचानक सुरू झालं, तर आजार वाढला असं गृहीत न धरता लगेच डॉक्टरांना दाखवा. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम घसरणं, नवीन सुरू झालेलं औषध, यांनीही असं होतं आणि ते बरं करता येतं.

शेवटच्या भेटीत ताईंनी स्वतःची भीती बोलून दाखवली. बाजारात एक पालक भेटले, चेहरा ओळखीचा, नाव काही केल्या आठवेना. आपल्यालाही हेच होणार का? नाव अडकणं आणि मग रात्री भांडी आवरताना आठवणं, हे या वयात सर्रास होतं. रोजचे व्यवहार चुकू लागले, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा विचारला जाऊ लागला, ओळखीच्या रस्त्यावर चुकायला झालं, तर तपासून घ्यावं. त्यांचं तसं काही नव्हतं. तरी बी-१२ आणि थायरॉइड तपासायला मी सांगितलं, कारण त्यांची कमतरता विसराळूपणा वाढवते आणि उपाय सोपा असतो.

आई अजूनही दारात कधी कधी “कुणाकडे आलात?” विचारते. ताई सांगतात, “तुमच्याकडेच,” आणि चप्पल काढतात. पूर्वी सकाळी पोचून त्याच रात्री परतायच्या. आता दोन रात्री राहतात, कारण दुसऱ्या दिवशी आई जास्त मोकळी असते. त्या दोन दिवसांत वहिनी माहेरी जाऊन येते.