डोक्यावरचा गुरू आणि तापलेली गच्ची : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न (जुळे सोलापूर): माझी दुर्बीण ६ इंची डॉब्सोनियन (हाताने वळवायची, आरशाची) आहे, नाभीय अंतर १२०० मिमी, मोटर नाही. ग्रहांसाठीचा २.९ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा २× बार्लोमागे (प्रतिमा दुप्पट करणाऱ्या भिंगामागे) लावतो. आयपीसमधून गुरूचे पट्टे छान दिसतात, पण फोटोत सगळं पुसट. ३× बार्लो घेऊ की कॅमेरा बदलू?

उत्तर: दोन्ही नको. बार्लोमुळे तुमची दुर्बीण एफ/१६ होते, म्हणजे नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या १६ पट होतं. पिक्सेलच्या मायक्रॉनना पाचाने गुणून जो आकडा येतो, तेवढा एफ-क्रमांक ग्रहांना पुरतो. तुमच्या बाबतीत तो साडेचौदा येतो. ३× लावलात तर चित्र मोठं होईल, तपशील वाढणार नाही आणि उजेड निम्म्याहून कमी होईल.

आमचा पहिला संशय गच्चीवर आहे. सोलापूरच्या उन्हात तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो आणि ती हवा थेट नळीच्या तोंडासमोरून वर जाते. हवा स्थिर होईल तो क्षण डोळा नेमका टिपतो. कॅमेऱ्यात मात्र चांगल्या-वाईट सगळ्या फ्रेम साठत जातात. अंगण किंवा मातीची मोकळी जागा असेल तर दुर्बीण तिथे मांडा. गच्चीच हवी असेल तर मध्यरात्रीनंतर बसा. गच्ची भिजवायचा सल्ला काहीजण देतात, पण पाणी रोज येत नाही अशा गावात तो आम्ही देणार नाही. आरसाही निवायला हवा, म्हणून दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवा.

मग एक ठळक तारा फोकसबाहेर नेऊन बघा. चकतीवर धुरासारखे संथ लोट फिरत असतील तर उष्णता नळीतच आहे, अजून थांबा. भराभर सळसळ दिसली तर ती वरच्या हवेतली, तिच्यावर उपाय नाही. आणि मधली काळी सावली एका बाजूला सरकलेली दिसली तर आधी आरशांचं कॉलिमेशन करा, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत आणा. ते बिघडलेलं असताना पुढचं सगळं काम वाया जातं.

आता सोलापूरचा फायदा. फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू आणि मंगळ दोघेही सिंह राशीत प्रतियुतीला (पृथ्वीवरून सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला) येत आहेत आणि १७.७ अंश अक्षांशावरून ते जवळजवळ डोक्यावर दिसतील. तिथे वातावरणाचा थर सर्वांत पातळ असतो. युरोपातल्या हौशी निरीक्षकांना ही उंची मिळत नाही. अडचण एवढीच, की डॉब्सोनियन ऐन डोक्यावर हाताने वळवणं फार अवघड. म्हणून ग्रह सर्वांत उंच येण्याच्या साधारण दीड तास आधी किंवा नंतर, ६५ ते ७० अंशांवर असताना चित्रण करा.

मोटर नसल्यामुळे ५.६ मिमी रुंद सेन्सरवरून गुरू अर्ध्या मिनिटात निघून जाईल. त्याला पूर्वेच्या कडेला आणा, हात काढा, कंपन थांबू द्या आणि २० सेकंदांची क्लिप घ्या. एक्स्पोजर ८ ते १० मिलिसेकंद ठेवा. गेन (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) इतकाच, की हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ६०-७० टक्क्यांपलीकडे जाणार नाही. अशा पाच-सहा क्लिप, पण सगळ्या मिळून तीन मिनिटांच्या आत. गुरू दहा तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फिरतो. तीन मिनिटांत चकतीच्या मध्यावरचा तपशील सुमारे ०.७ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतो आणि ६ इंची आरशाची मर्यादाच ०.८ विकलांच्या आसपास आहे. क्लिप ‘पिप’ या सॉफ्टवेअरमध्ये मध्यावर आणून जोडा, ‘ऑटोस्टॅकर्ट’मध्ये उत्तम १०-१५ टक्के फ्रेम निवडून स्टॅक करा (एकावर एक रचून एक चित्र करा) आणि ‘रेजिस्टॅक्स’चे वेव्हलेट (तपशील धारदार करणारे स्लायडर) हलक्या हाताने वापरा. ग्रहाच्या कडेला पांढरी किनार उमटली, की हात जास्त पडला असं समजा.

प्रश्न (होटगी रस्ता): विषुववृत्तीय माउंट (ध्रुवताऱ्याकडे रोखलेल्या अक्षाभोवती फिरणारी बैठक) इथल्या अक्षांशाप्रमाणे १८ अंशांवर आणला, की काउंटरवेट (तोल राखणारं वजन) तिपाईच्या पायावर आपटतं.

उत्तर: हे माउंट जास्त अक्षांश डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले असतात. इथे ध्रुवीय अक्ष जवळजवळ आडवा होतो आणि काउंटरवेटचा दांडा सरळ खाली, उत्तरेच्या पायावर येतो. तिपाई फिरवून एक पाय दक्षिणेला करा. उत्तरेला दोन पायांमधली मोकळी जागा येईल. त्यासाठी माथ्यावरची दिशेची खुंटी काढून विरुद्ध बाजूला बसवावी लागते, बऱ्याच माउंटना तशी सोय असते. ध्रुवतारा इमारतीआड असेल तर होकायंत्र चालेल, इथे चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत एक अंशाहूनही कमी फरक आहे. फक्त लोखंडी तिपाईपासून दूर उभं राहून दिशा घ्या.

प्रश्न (बार्शी): ११४ मिमीच्या, ९०० मिमी नाभीय अंतराच्या न्यूटोनियनमधून (आरशाच्या दुर्बिणीतून) सूर्यग्रहणाचे फोटो काढायचे आहेत. आयपीसला लावायचा काळा फिल्टर दुर्बिणीसोबत आला आहे. डीएसएलआर फोकस होत नाही.

उत्तर: तो काळा फिल्टर आजच फेकून द्या. एकवटलेल्या उन्हात तो तडकतो आणि तडकला त्या क्षणी डोळा जातो. फिल्टर नळीच्या तोंडावरच हवा. ओडी ५ घनतेची (लाखातला एकच भाग उजेड आत सोडणारी) सौर फिल्म घ्या, नळीवर घट्ट बसणारी जाड पुठ्ठ्याची दुहेरी कडी करा आणि फिल्म न ताणता दोन कड्यांमध्ये चिकटवा. थोड्या सुरकुत्यांनी चित्र बिघडत नाही, ताणल्याने बिघडतं. दरवेळी वापरण्याआधी दिव्यासमोर धरून भोकं तपासा, नळीला चिकटपट्टीने बांधा आणि फाइंडरवर (नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीवर) झाकण लावा किंवा तो काढूनच ठेवा. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीतून बघणं तितकंच घातक.

अशा बऱ्याच न्यूटोनियनमध्ये फोकसर पुरेसा आत जात नाही, म्हणून डीएसएलआर अडतो. २× बार्लोने फोकस मिळेल, पण सूर्याची ८ मिमीची प्रतिमा १६ मिमीच्या वर जाते आणि १५ मिमी उंचीच्या सेन्सरवर अख्खी मावत नाही. कोरीची टोकं जवळून टिपायला हे उत्तम. आयएसओ १०० ला १/६० ते १/१००० सेकंदांपर्यंत क्रमाने फोटो घेऊन बघा. पूर्ण बिंबासाठी २५ मिमी आयपीसवर मोबाइल क्लॅम्पने बसवा, सौर डागावर किंवा कडेवर फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा आणि टायमर लावा.

२ ऑगस्ट २०२७ चं ग्रहण आपल्याकडे दुपार उतरताना खंडग्रास दिसेल, पण ते ऐन पावसाळ्यात आहे. तेव्हा फिल्टरचा सराव हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हातच उरका. २१ मे २०३१ ला केरळ-तमिळनाडूतून कंकणाकृती ग्रहण जाईल. सोलापुरात ते खंडग्रास असलं तरी मे महिन्याचं आकाश आपल्या बाजूने असेल.

प्रश्न (एक शिक्षिका, मोहोळ): दुर्बीण नाही. वर्गातल्या साठ मुलांना ग्रहण एकदम कसं दाखवू?

उत्तर: छोट्या सपाट आरशावर काळा कागद चिकटवा, त्यात ५ मिमीचं भोक पाडा. आरसा बाहेर उन्हात विटांमध्ये पक्का ठेवून कवडसा अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर पाडा. आरसा ते भिंत १० मीटर असेल तर सूर्य ९ सेंटिमीटरचा दिसेल. आरशात कुणी डोकावणार नाही यासाठी बाहेर एका मोठ्या माणसाला उभं करा.